अध्यक्षांच्या हातातला नारळ

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा दिवाळीच्या कार्यक्रमात उरकली जायची, लहान मुलांचा नाच आणि जेवण यांच्या मधल्या फटीत. ही फट कुणीतरी डोकं लावून शोधलेली होती. बाजूच्या काउंटरवर मसालेभाताची झाकणं निघालेली, पुऱ्यांचा वास हॉलभर, पोरं आईच्या ओढण्या ओढतायत, आणि नेमक्या त्या वेळी कुणीतरी माइकवर येऊन म्हणायचं, अमुक ठराव मांडतोय, टाळ्या वाजवून मंजुरी द्यावी. उपाशी माणूस कशालाही टाळ्या वाजवतो. मंडळ बरखास्त करायचा ठराव आणला असता तरी तो कडकडाटात मंजूर झाला असता आणि लोक ताटं उचलून रांगेत लागले असते. आणि हेच लोक शनिवारी घरामागच्या लाकडी डेकवर बसून भारताच्या संसदेला शिव्या घालणार, तिथे म्हणे चर्चाच होत नाही.

कांचनला हे सगळं ठाऊक होतं. ते एक दिवस आपल्याच मुळावर येईल, एवढं ठाऊक नव्हतं.

कांचन नागपूरची. तिथे ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरची टगी पोरंही सरळ बसायची. लग्न झालं, परीक्षितच्या मागोमाग अमेरिकेत आली आणि पासपोर्टवरच्या एका शिक्क्यानं घरात बसली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोनं पगाराचं काम करायचं नाही, असा कायदा. परीक्षित सकाळी गाडी काढून रिसर्च ट्रँगलमधल्या ऑफिसला जायचा आणि ही अपार्टमेंटच्या खिडकीतून रिकामा पार्किंग लॉट बघायची. ग्रीन कार्ड येईल तेव्हा येईल. तोवर शिकलेल्या बाईनं पोळ्या लाटाव्यात आणि देशाचे आभार मानावेत.

मग तिनं रविवारची मराठी शाळा काढली. मंडळ दर रविवारी सकाळी एका मिडल स्कूलचं कॅफेटेरिया भाड्यानं घेत असे, त्याच्या एका कोपऱ्यात. पगार नव्हता, तेव्हा कायद्याचीही तक्रार नव्हती. आईबाप पोरांना दारात सोडायचे आणि ग्रोसरीला पळायचे. पोरं तिला कांचनमावशी म्हणायची आणि बाकी सगळं इंग्रजीत बोलायची. ती चमचा उंच धरून विचारायची, हे काय आहे? पोरं 'स्पून' म्हणायच्या आत तीच घाईनं सांगून टाकायची, चमचा! अनया नावाची एक मुलगी तर कसल्याही प्रश्नाला खांदे उडवून 'आय डोन्ट नो' म्हणे आणि पुन्हा खिडकीबाहेर बघे. तरी कांचन रविवारची वाट बघायची. आठवड्यातले ते दोन तास ती कुणाची बायको नसायची.

दिवाळीच्या कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात संध्याकाकूंचा फोन आला. संध्याकाकू म्हणजे डॉक्टर मनोहर सबनीसांच्या पत्नी. हे दोघं सत्तरच्या दशकात आलेले. मंडळ यांच्याच दिवाणखान्यात जन्माला आलं होतं. काकूंना आडवळणानं बोलता येत नाही. त्यांनी सांगितलं की सभेत 'रविवारच्या वेळेचं फेरनियोजन' असा एक ठराव येतोय, आणि त्याचा अर्थ एवढाच की तुझी शाळा बंद. मंडळाचा अध्यक्ष शैलेंद्र, त्याला पुढच्या अमेरिकाभरच्या मराठी अधिवेशनासाठी मोठा नाच बसवायचाय, सिनेमातल्या गाण्यांवर, आणि त्याला अख्खा हॉल हवाय. शाळेचं पुढे बघू, असं तो म्हणतोय.

"पुढे बघू म्हणजे काय, ते तुला सांगायला नको," काकू म्हणाल्या. "आमचं ग्रंथालयसुद्धा पुढे बघूच होतं. अजून मंडळातल्या सुमंतच्या गराजमध्ये खोक्यात आहे."

कांचननं रात्री जेवताना परीक्षितला सांगितलं. परीक्षित वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यानं ताटातला भात कालवत सांगितलं की हे बरोबर नाही, अगदी बरोबर नाही, पण शैलेंद्र आपल्याच क्लायंटकडे सीनियर आहे, त्याच्या एका शब्दावर आपल्याला हे प्रोजेक्ट मिळालं, प्रोजेक्ट गेलं तर व्हिसा गेला, आणि पाण्यात राहून माशाशी वैर कशाला करायचं.

"यार कांचन, घरी घे ना शाळा. लिव्हिंग रूममध्ये."

"म्हणजे पुन्हा घरीच," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

शनिवारी ती संध्याकाकूंकडे गेली. काहीतरी मार्ग निघेल अशी आशा होती. पण डेकवर पाहुणे होते. एक उंच, वाळकुडे गोरे म्हातारे, डावा पाय लाकडासारखा ताठ पुढे ठेवून बसलेले, मांडीवर चिवड्याची वाटी. त्यातले शेंगदाणे निवडून ते आधी खात होते. डॉक्टरांनी ओळख करून दिली. हे वॉल्टर हॅमरिक. पश्चिमेकडच्या एका लहानशा राज्यातून तीस वर्षं अमेरिकेच्या सिनेटमध्ये होते. निवृत्त होऊन इथे मुलीकडे राहायला आलेत. डॉक्टर त्यांचं हृदय तपासायचे, मग दोघं तळ्याकाठी फिरायला जायला लागले, आणि आता उद्याच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणेही तेच. शैलेंद्रला हे कळल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते. सिनेटरबरोबर फोटो! त्यानं तीनदा फोन करून विचारलं होतं की साहेब सूट घालणार ना.

सिनेटरांनी कांचनला विचारलं, तुम्ही काय करता? ती सवयीनं म्हणाली, काही नाही. मग स्वतःचाच राग येऊन म्हणाली, मी फिजिक्स शिकवायची. म्हातारे मान हलवून म्हणाले की फिजिक्स त्यांना कधीच जमलं नाही, म्हणून राजकारणात यावं लागलं.

मग डॉक्टर त्यांना चढवायला लागले. युद्धाच्या ठरावाच्या वेळचं सांगा, औषधांच्या किमतीचं सांगा. सिनेटर म्हणाले की त्या दोन्ही वेळी आपण हरलो, आणि तीस वर्षांचा हिशोब केला तर हरलेलीच भाषणं जास्त भरतील. पण देशाला चार माणसांनी तोंडावर सांगावं लागतं की तू चुकतोयस, आणि ते सांगितलेलं नोंदीत राहावं लागतं. त्यासाठी नियम लागतात. त्यांना लोक नियमांचा किडा म्हणायचे. ज्या माणसाच्या विरुद्ध मत द्यायचं ठरलेलं, त्याला बोलू द्यावं म्हणून ते आदल्या दिवशी स्वतःच्या पक्षाशी भांडायचे. मोठं विधेयक छापून सगळ्यांच्या हातात पडल्याशिवाय मत घेऊ द्यायचे नाहीत. पक्षवाले वैतागायचे.

"आणि ते थांबण्याचं," डॉक्टर म्हणाले.

सिनेटर हसले. मग त्यांनी ते सांगितलं, आणि कांचन ज्या कामाला आली ते विसरून ऐकत बसली.

सिनेटमध्ये पुष्कळ कामं मत न घेताच होतात. सभागृहाचा अध्यक्ष विचारतो, कुणाची हरकत? कुणी बोललं नाही की झालं मंजूर. नवे सिनेटर मागच्या रांगेत बसतात. हॅमरिक नवे होते, मागे होते, आणि लहानपणच्या पोलिओनं त्यांचा पाय असा. एक दिवस त्यांच्या राज्यातलं एक खोरं धरणाखाली घालायचं कलम आलं. अध्यक्षानं विचारलं, हरकत? हॅमरिक उठायला लागले. टेबलाला धरून, पाय सरळ करून, ते उभे राहीपर्यंत हातोडा पडलाही. मंजूर. खोरं बुडालं. तिथली माणसं पुढे कितीतरी वर्षं त्यांना विचारायची, तुम्ही तिथेच होता ना?

"त्यानंतर अकरा वर्षं मी एकच गोष्ट मागत राहिलो," ते म्हणाले. "हरकत विचारल्यावर अध्यक्षानं थांबायचं. शेवटच्या रांगेपर्यंत बघायचं. मग हातोडा. काही माणसांना उठायला वेळ लागतो."

अकरा वर्षांनी ते रुळलं. पुस्तकात नियम म्हणून नव्हे, पण वहिवाट म्हणून. तिथले लोक चिडून त्याला हॅमरिकचा दम म्हणायचे, कारण तेवढ्या वेळात एक पूर्ण श्वास घेता येतो.

कांचन शाळेचं काही न बोलताच परत निघाली. म्हाताऱ्या पाहुण्यापुढे आपल्या मंडळाची धुणी काय धुवायची. दारात संध्याकाकू तिला म्हणाल्या की उद्या तू बोल. कांचन म्हणाली, बोलायला जागा कुठे असते काकू, टाळ्याच असतात.

रविवारी कॅफेटेरिया भरलं. आकाशकंदील, रांगोळी, पैठण्या, आणि परीक्षित जेवण-कमिटीत असल्यामुळे ॲप्रन बांधून काउंटरमागे पुऱ्यांच्या ट्रेपाशी. कांचन शेवटच्या रांगेत बसली. दिवा लागला. सिनेटरांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. शैलेंद्रनं इंटरनेटवरून उतरवलेली ओळख वाचली आणि त्यात त्यांचं राज्य चुकवलं. म्हाताऱ्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं.

मुलांचा नाच झाला आणि ती फट आली. आता आपली एक रीत आहे. सभा म्हटली की कुणीतरी अध्यक्षस्थान भूषवायला लागतं. एकानं सूचना मांडायची, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, आणि पाहुण्यानं मधल्या खुर्चीत शोभेला बसायचं. कारभार करणारे करतात, अध्यक्ष शेवटी चार शब्द बोलतो आणि जेवायला जातो. या रीतीचा अर्थ गेली शंभर वर्षं कुणी कुणाला विचारलेला नाही. तेव्हा सेक्रेटरी इशितानं सूचना मांडली की सिनेटर साहेबांनी आजच्या सभेचं अध्यक्षस्थान स्वीकारावं, डॉक्टर सबनीस म्हणाले अनुमोदन, आणि इशितानं ते सिनेटरांना इंग्रजीत सांगितलं.

म्हातारे उठले. वेळ लागला. "रीतसर सूचना आली, अनुमोदन आलं," ते म्हणाले. "कुणाची हरकत?"

लोक हसले. म्हातारे हसले नाहीत. त्यांनी पहिल्या रांगेपासून बघायला सुरुवात केली आणि शेवटच्या रांगेपर्यंत आले, तोवर हसू विरलं होतं. मग त्यांनी टेबलावर काहीतरी शोधलं, सापडेना, तेव्हा हातातला नारळ उलटा धरला आणि टेबलावर ठोकला.

"सिनेटच्या हातोड्यालाही दांडा नसतो," ते म्हणाले. "सभा सुरू झाली आहे."

शैलेंद्र स्टेजच्या कडेला उभा होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. आपण मखरात बसवलेला गणपती उठून घराचा कारभार विचारायला लागला, तर यजमानाचं होईल तसं.

पहिल्यांदा मागच्या वर्षीचा अहवाल. इशितानं म्हटलं, टाळ्या वाजवून मंजुरी द्यावी. टाळ्या पडल्या. सिनेटर म्हणाले की आवाज छान आहे, पण हे मत नव्हे. अहवाल कुणी वाचलाय? कुणीच नाही. मग वाचा. इशितानं अहवाल वाचला. गर्दीतून एक सुस्कारा निघाला, पोरं रडायला लागली, मसालेभातावरची वाफ बसली. पण एक गंमत झाली. सहलीच्या मजकुराशी मागून कुणीतरी म्हणालं, ती सहल कॅन्सल झाली होती, मग अहवालात कशी? लोक हसले, इशिता लाजली, दुरुस्ती झाली. मंडळाच्या इतिहासात अहवाल पहिल्यांदाच कुणीतरी ऐकला होता.

मग शैलेंद्र उठला. गडी हुशार. त्यानं दोन वाक्यांत काम आटोपलं. रविवारच्या वेळेचं फेरनियोजन करून हॉल अधिवेशनाच्या तयारीला द्यावा. फ्रेंड्स, तुमच्या पोटात कावळे ओरडतायत, मला माहितीय. टाळ्या! आणि टाळ्या सुरूही झाल्या.

नारळ खाडकन आपटला.

अनुमोदन आहे का, सिनेटरांनी विचारलं. कुणीतरी दिलं. चर्चा? कुणी बोललं नाही. कुणाची हरकत?

आणि ते थांबले.

कांचनला कळलं की ही तीच जागा. एका श्वासाएवढी. तिनं काउंटरकडे पाहिलं. परीक्षित तिच्याकडेच बघत होता आणि त्यानं अगदी हळू मान हलवली, नको म्हणून. प्रोजेक्ट, व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळं त्या मानेत होतं. म्हाताऱ्यांची नजर रांगेमागून रांग ओलांडत येत होती. त्यांना शाळेचं काही माहीत नव्हतं, ठरावाचं माहीत नव्हतं, ही फिजिक्सवाली बाई कुठे बसलीय तेही माहीत नव्हतं. ते फक्त बघत होते. नजर शेवटच्या रांगेशी आली तेव्हा कांचन खुर्चीची पाठ धरून उभी होती.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली.

शैलेंद्रनं लगेच माइक ओढला. तो सिनेटरांना इंग्रजीत म्हणाला की सॉरी सर, आमच्या नियमांत सभासद कुटुंबप्रमुख असतो, एका घराला एक मत, आणि ह्या सभासद नाहीत, यांचे मिस्टर आहेत. ह्या फक्त डिपेन्डन्ट आहेत.

तो शब्द हॉलमध्ये पडला आणि बऱ्याच बायकांनी माना वर केल्या. त्या हॉलमध्ये कांचनसारख्या थोड्या नव्हत्या. इंजिनिअर होत्या, एक दंतवैद्य होती, आणि आज सगळ्यांनी मिळून पुऱ्या लाटल्या होत्या.

सिनेटरांनी डॉक्टरांना विचारलं, नियम काय सांगतो? मंडळाची घटना डॉक्टरांनीच लिहिलेली. ते म्हणाले, एका घराला एक मत, खरं आहे. आणि बोलायचं कुणी? डॉक्टर डोकं खाजवून म्हणाले, त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. तेव्हा कुणी बोलेल असं वाटलंच नव्हतं.

"मत देण्याचा नियम आहे, बोलण्याच्या आड येणारा नाही," सिनेटर म्हणाले. "तेव्हा या बाई बोलतील. कुणाची हरकत?"

आणि पुन्हा थांबले. या वेळी सावकाश. एकेका तोंडावर नजर ठेवून, मग पुढच्या. कुणाला हरकत घ्यायची तर त्यानं सगळ्यांसमक्ष उभं राहून म्हणायचं होतं की ह्या बाईला बोलू देऊ नका. टाळ्यांत लपता येतं, अशा शांततेत लपता येत नाही. शैलेंद्रनंही खाली पाहिलं.

कांचन आधी इंग्रजीत बोलायला लागली, मग थांबली. मराठी शाळेसाठी इंग्रजीत काय रडायचं? ती मराठीत बोलली, आणि रागानं तिची नागपुरी बाहेर आली.

"फेरनियोजन काहून म्हणता? शाळा बंद करतोय म्हणा ना सरळ. मला इथं नोकरी करायची बंदी आहे. ती अमेरिकेनं घातली, तिच्याशी मी भांडू शकत नाही. ही तुम्ही घालताय. तुम्ही पोरांना माझ्याकडे टाकून दुकानात जाता, मी कधी बोलली का? गणपतीत तीच पोरं स्टेजवर येऊन दोन वाक्यं मराठी बोलली की तुमचे डोळे भरून येतात, आजीला फोन लावता. ती दोन वाक्यं काय आभाळातून पडली? नको असेल शाळा तर नको. नाच चांगला असतो, मलाही आवडतो. पण मग हात वर करून म्हणा, आमच्या पोरांना मराठी नको. तोंडानं म्हणा. टाळ्या काय वाजवता? तेरवीलाही जेवण असतं, म्हणून काय तिथं टाळ्या वाजवता?"

कुणीतरी मधेच पुटपुटलं की पुऱ्या थंड होतायत. नारळ आपटला. सिनेटरांना अक्षरही कळत नव्हतं, पण कोण बोलतंय आणि कोण मधे तोंड घालतंय, एवढं कळायला भाषा लागत नाही. ते पुढे वाकून, कानाला हात लावून, न कळणारं भाषण शेवटपर्यंत ऐकत राहिले, आणि ते ऐकतायत म्हणून बाकीच्यांनाही ऐकावं लागलं.

कांचन बसली. मग दंतवैद्यीण उठली. मग आणखी एकजण उठला, तो नाचाच्या बाजूनं बोलला, आणि चांगलं बोलला. मोठ्या मुलांना मंडळात यायला दुसरं कारणच उरलेलं नाही, तेरा वर्षांच्या पोराला चमचा शिकवून चालत नाही. कांचनलाही ते पटलं. संध्याकाकूंनी विचारलं की हॉलच का, नाच कुणाच्या बेसमेंटमध्ये बसत नाही का? इशिता म्हणाली, माझं बेसमेंट मोठं आहे, मला कुणी विचारलंच नाही. एवढी सोपी गोष्ट. पण विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि मंडळाचं तोंड इतकी वर्षं फक्त पुऱ्यांसाठी उघडत होतं.

शैलेंद्र ठराव मागे घ्यायला तयार नव्हता. हट्टाला पेटलेला. म्हणाला, मत घ्या. सिनेटर म्हणाले, अवश्य. ठरावाच्या बाजूचे सभासद माझ्या उजवीकडे, विरोधातले डावीकडे.

उजवीकडे काउंटर होतं. झालं! अर्धा हॉल नुसत्या वासावर तिकडे सरकायला लागला. डावीकडे रिकामी भिंत आणि कचऱ्याचे डबे. पहिल्यांदा डॉक्टर सबनीस गेले, मग दंतवैद्यिणीचा नवरा, त्याच्या पाठीत बायकोचं बोट होतं. एकेक घर फुटायला लागलं. नवरा उजवीकडे निघालेला आणि बायको खुर्चीतूनच त्याच्याकडे बघतेय, असे किती खेळ त्या दोन मिनिटांत झाले ते काय सांगावं. मत एकच, पण घरी रात्री झोपायचं कुणाला नसतं?

आणि परीक्षित. तो तर आधीच काउंटरमागे, म्हणजे उजवीकडेच उभा होता. काही न करता तसाच राहिला असता तरी त्याचं मत शैलेंद्रला गेलं असतं, आणि वर म्हणता आलं असतं की मी वाढायला उभा होतो. कांचननं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं तर तो आपल्यासाठी येईल, आणि तसं तिला नको होतं. तिनं समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहिलं.

थोड्या वेळानं हॉलमध्ये कुजबुज झाली तेव्हा तिनं मान वर केली. ॲप्रन बांधलेला, हातात झारा तसाच घेतलेला परीक्षित अख्खा हॉल ओलांडून डावीकडे चालला होता. शैलेंद्रच्या पुढून जाताना तो थबकला आणि म्हणाला, "सॉरी यार. मलाही मराठी लिहिताना आता अडखळायला होतं." आणि कचऱ्याच्या डब्याशेजारी जाऊन उभा राहिला, झारा खांद्यावर टाकून.

डावीकडे चार घरं जास्त भरली. नारळ ठोकला गेला, आणि या खेपेला त्याला तडा गेला. पाणी टेबलावर, टेबलावरून सिनेटरांच्या सुटावर. संध्याकाकू फडकं घेऊन धावल्या. म्हणाल्या, बरंच झालं, नारळ वाढवायचा राहिलाच होता.

अध्यक्षीय भाषण असं झालंच नाही. सिनेटर एवढंच म्हणाले की ज्यानं ठराव मांडला त्याचे आभार मानले पाहिजेत, कारण त्यानं हरायची तयारी ठेवून मत मागितलं, आणि असे लोक त्यांना सिनेटमध्येही फार भेटले नव्हते. मग ते अवघडत शैलेंद्रपाशी गेले आणि हात पुढे केला. शैलेंद्रच्या चेहऱ्यावरचं गाठोडं जरा सुटलं. फोटो निघाला. ओल्या सुटासकट. फोटो काढून झाल्यावर तो कांचनपाशी येऊन म्हणाला, "वहिनी, पुढच्या वर्षी अध्यक्ष आपल्यातला बघू हं. टाळ्या कळणारा." म्हणाला हसत, पण कडू होतं. प्रोजेक्टवरून मात्र त्यानं परीक्षितला काढलं नाही. उगाच कुणाला राक्षस करण्यात अर्थ नाही.

पुऱ्या गारढोण झाल्या होत्या. लोकांनी त्या खाल्ल्या आणि खाताना भांडले, शाळेवरून, नाचावरून, एका घराला एकच मत का यावरून. दंतवैद्यीण म्हणत होती की पुढच्या सभेत घटनेत बदलाचा ठराव मीच आणणार. इतकं बोलत बोलत जेवताना कांचननं या मंडळाला कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी सिनेटरांना विचारलं, ती काय बोलली ते कळलं का? म्हातारे श्रीखंड चाटत म्हणाले, एक शब्दही नाही. पण अध्यक्षाला ते कळायची गरज नसते. तिला ते पूर्ण बोलता आलं की नाही, एवढंच अध्यक्षाचं काम.

गाडीत परीक्षित म्हणाला, मी मान हलवली ते तू बघितलंस ना. कांचन म्हणाली, बघितलं. आणि नंतर चाललास तेही. झारा कुठाय? झारा मागच्या सीटवर होता. मंडळाचा झारा. दोघं हसायला लागली ती घर येईपर्यंत.

पुढच्या रविवारी शाळा भरली. नेहमीचीच पोरं, एखाददुसरं नवं. दारात आईबाप जरा रेंगाळले, दोघीतिघी तर मागे बसूनच राहिल्या. कांचननं चमचा काढला नाही. ती अनयापाशी गेली आणि तिनं विचारलं, "अनया, तुला काय हवंय?"

अनयानं खांदे उडवले. 'आय डोन्ट' एवढं ओठांवर आलंही. उत्तर कांचनच्या जिभेवर तयार होतं. तुला खेळायला हवंय, म्हण पाहू. इतकी वर्षं तिनं हेच केलं होतं. प्रश्न विचारायचा आणि पोरगं उठायच्या आत हातोडा मारायचा.

ती थांबली. मागच्या आया चुळबुळल्या. एका पोरानं बाक वाजवला, कांचननं हातानंच त्याला गप्प केलं आणि अनयाकडे बघत राहिली, वेळ भरपूर असल्यासारखी. अनयाचा चेहरा आक्रसला. आत कुठेतरी, टेबलाला धरून, पाय सरळ करून, काहीतरी उभं राहत होतं.

"मावशी," ती म्हणाली. "मला... भूक... लागली."

कांचननं पिशवीतून लाडूचा डबा काढला आणि तिच्यापुढे धरला. मग दुसऱ्या पोराकडे वळून तिनं तोच प्रश्न विचारला, आणि थांबली.